राणीच्या राज्यातील दौलत आणि दारिद्र्य

(खानदेशातील एका खेड्यात शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेपुढे तेथील प्राथमिक शिक्षकांनी दिलेले व्याख्यान. आमच्या वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला असेल. विलायतेची व्हिक्टोरिया राणी १९०१ साली वारली. तिच्या वंशजांचे राज्यही १९४७ साली या देशातून उठले. दिवस वेचणीचे, घरी शंभर कामे, आणि मास्तर मात्र मेलेल्या राणीची कथा सांगायला उभा राहिला, याला काय म्हणावे? शंका रास्त आहे. तिचे उत्तर दिल्याशिवाय मला पुढे बोलण्याचा अधिकार नाही.

आपल्यापैकी कित्येक घरांत अजून एखादा राणीछाप रुपया फडक्यात बांधून ठेवलेला असतो. लक्ष्मीपूजनाला तो पाटावर येतो, हळदकुंकू लागते आणि पुन्हा पेटीत जातो. चांदीचा, वजनाने तोळाभर. तो हातात घेऊन म्हातारी माणसे म्हणतात, "बाबा, राणीच्या राज्यात खणखणीत चांदी होती, धान्य स्वस्त होते, सुबत्ता होती!" लहानपणी मीही हे खरे मानत होतो. पुढे वाचन घडले तेव्हा एक साधा प्रश्न पडला. इतकी चांदी होती, तर आपल्या पणज्यांच्या घरी एकच रुपया का उरला? बाकीचे कोणाच्या तिजोरीत गेले? आणि गेले ते कोणत्या वाटेने गेले, हे कोणी लिहून ठेवले की नाही? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधणे हेच आजचे माझे काम. ती वाट अजून बुजलेली नाही, म्हणून मी तुमचा वेळ घेत आहे.

प्रथम राणीच्या खुद्द देशाकडे पाहू. ती २० जून १८३७ रोजी गादीवर बसली आणि त्रेसष्ट वर्षांहून अधिक काळ तिने राज्य केले. या अवधीत विलायतेत आगगाडीचे जाळे पसरले, कापडाच्या गिरण्यांची धुराडी आभाळाला भिडली, आणि १८५१ साली लंडन शहरी काचेचा प्रचंड महाल उभारून जगभरच्या मालाचे प्रदर्शन भरले. हे वैभव आपल्या मागच्या पिढ्यांनी शाळेच्या पुस्तकांतून घोकले. परंतु त्याच देशात गरिबांची काय अवस्था होती, हे त्यांना कोणी घोकायला लावले नाही.

१८३४ साली तेथे गरिबांसाठी एक कायदा झाला. ज्याला पोट भरता येत नाही त्याने सरकारी कष्टघरात जावे. तेथे नवरा एका भागात, बायको दुसऱ्या, मुले तिसऱ्या. अन्न मुद्दाम बेताचे, काम मुद्दाम कंटाळवाणे. हेतू हा की आत येण्यापेक्षा बाहेर अर्धपोटी राहिलेले माणसाला बरे वाटावे. कोळशाच्या खाणीत बायका आणि लहान पोरे गाडे ओढीत. १८४२ साली कायदा झाला तेव्हा कोठे बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना जमिनीखाली उतरविणे बंद झाले. गिरणीच्या मालकाचा बंगला टेकडीवर, मजुराची खोली नाल्याकाठी. तेव्हा बंधूंनो, गोऱ्या कातडीचे सगळेच लोक राजे होते हा आपला समज काढून टाका. गरीब तेथेही होता, आणि त्यालाही "तुझे नशीब" असेच सांगणारे लोक होते.

फरक कोठे पडला, तर तेथे ही गोष्ट लिहिणारे निघाले. चार्ल्स डिकन्स नावाचा एक ग्रंथकार झाला. त्याचा बाप कारकून. कर्जात बुडाला म्हणून १८२४ साली तुरुंगात पडला. बारा वर्षांचा चार्ल्स बुटांना लावण्याच्या काळ्या रंगाच्या कारखान्यात डब्यांवर कागद चिकटवून पोट भरू लागला. हा अपमान तो जन्मभर विसरला नाही. राणी ज्या वर्षी गादीवर बसली त्याच वर्षी त्याची 'ऑलिव्हर ट्विस्ट' ही कादंबरी मासिकातून हप्त्याहप्त्याने निघू लागली. तिच्यातले कष्टघरातले पोर आणखी थोडी पेज मागते, आणि तेवढ्यावरून सारे अधिकारी हादरतात. पुढे १८५४ साली त्याने गिरणगावावर 'हार्ड टाइम्स' लिहिली. मँचेस्टर शहरी एका धर्मोपदेशकाची पत्नी एलिझाबेथ गॅस्केल हिने १८४८ साली 'मेरी बार्टन' लिहून गिरणीमजुराच्या घरातील उपासमार वाचकांच्या घरात नेली. १८४५ साली डिझरायली नावाच्या एका राजकारण्याने 'सिबिल' ही कादंबरी लिहिली आणि तिला जोडनाव दिले 'दोन राष्ट्रे'. ही दोन राष्ट्रे म्हणजे एकाच देशातले श्रीमंत आणि गरीब. या गृहस्थाचे नाव ध्यानात ठेवा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

नुसत्या पुस्तकांनी गरिबाचे पोट भरले असे माझे म्हणणे नाही. मजुरांनी सभा भरविल्या, मताचा हक्क मागण्यासाठी लाखो सह्यांचे अर्ज पार्लमेंटपुढे नेले, मार खाल्ला, तुरुंग भोगला. १८४७ साली बायका आणि पोरवयाच्या मजुरांसाठी दहा तासांचा कायदा झाला. १८६९ साली कर्जासाठी तुरुंगात घालण्याची पद्धत बहुतेक बंद झाली. गोष्ट सांगणारा आणि संघटना करणारा हे एका जुवाचे दोन बैल आहेत. एक जरी बसला तरी औत चालत नाही.

आता विलायतेतून खानदेशात कसे यावे? कापसाचा धागा धरून. मँचेस्टरच्या गिरण्या कापसावर चालत, पण विलायतेच्या भूमीत कापूस पिकत नाही. तो मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिण भागातून येई, आणि तेथे तो गुलाम म्हणून विकत घेतलेल्या काळ्या लोकांकडून पिकवून घेत. म्हणजे गिरणीचा मालक लंडनला ज्या श्रीमंतीने मिरवत होता, तिच्या बुडाशी एका हाताला गिरणीतले उपाशी पोर आणि दुसऱ्या हाताला शेतातला गुलाम होता. १८६१ साली गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि कापूस अडकला. लँकेशायर प्रांतातल्या गिरण्या बंद पडू लागल्या. १८६२ च्या हिवाळ्यात तेथे सुमारे ५ लाख माणसे धर्मादाय मदतीवर जगत होती.

तेव्हा गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली आणि आपला खानदेश त्यांना दिसला. त्याच सुमारास जी.आय.पी. रेल्वेची वाट आपल्या मुलखातून भुसावळकडे गेली. जळगाव हे गाव कापसाची मोठी पेठ म्हणून नावारूपास आले ते याच लढाईच्या वर्षांत. कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. असे सांगतात, की वऱ्हाडाकडे काही हौशी शेतकऱ्यांनी नांगराला चांदीचे फाळ आणि गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्या! खरे-खोटे असो. घरात पहिल्यांदाच एवढी चांदी आली तेव्हा शेतकऱ्याची मती कशी फिरली, हे त्या गोष्टीवरून कळते. पेटीतला राणीछाप रुपया काही घरांत त्याच दिवसांत आला असेल.

पण खरी दौलत कोठे साठली? युद्धाच्या काळात कापसाच्या व्यापारातून मुंबईत नेहमीपेक्षा सुमारे ८ कोटी पौंड जास्त आले असे सांगतात. त्या पैशावर बँका निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि त्यांच्या कागदी भागांवर सट्टा झाला. मुंबईच्या विद्यापीठातील राजाबाई टॉवर त्या काळच्या कापसाच्या राजाने, प्रेमचंद रायचंदने, दिलेल्या देणगीतून उभा राहिला. दान चांगलेच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो मनोरा पाहताना एवढे आठवावे, की त्याच्या पायात आमच्या काळ्या मातीतली बोंडे आहेत. १८६५ साली युद्ध संपले. भाव कोसळले, १ जुलै १८६५ रोजी मुंबईचा सट्टा बुडाला, आणि अमेरिकेचा कापूस पुन्हा मँचेस्टरला जाऊ लागला. शेटजी बुडाले ते पुन्हा उभे राहिले. शेतकऱ्याच्या पदरात काय राहिले? तेजीच्या आशेने काढलेले कर्ज, थाटात केलेल्या लग्नांची देणी, आणि चढत्या भावाकडे बघून वाढविलेला सारा.

याच युद्धातली आणखी एक हकिकत मला फार मोलाची वाटते. ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या मजुरांनी सभा भरविली. गिरण्या बंद, चुली थंड. ते म्हणू शकले असते, की गुलामांचे काही होवो, आम्हाला कापूस आणून द्या. ते तसे म्हणाले नाहीत. आम्ही उपास काढू, पण गुलामगिरी मोडली पाहिजे, अशा भावाने त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांना पाठिंबा कळविला, आणि लिंकननेही जानेवारी १८६३ मध्ये त्यांना कृतज्ञतेचे उत्तर धाडले. दहा वर्षांनी, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ छापला, तो अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना मुक्त केले त्यांना अर्पण केला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. ज्या युद्धाने आमच्या सावकारांना कापसाचा भाव दिसला, त्याच युद्धात जोतीरावांना माणसाची मुक्ती दिसली. एकाच गोष्टीकडे पाहणारे डोळे असे दोन प्रकारचे असतात.

आता कर्जाकडे येऊ. सारा रोकडीत भरायचा, तोही ठरल्या तारखेला. पीक हाती येण्याआधी रोकड सावकाराकडेच. येथला शेतकरी मुका होता असे नाही. १८५२ साली जमिनीची मोजणी सुरू झाली तेव्हा सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल या बाजूच्या रयतेने तिला उघड विरोध केला आणि सरकारला लष्कर आणावे लागले. पण मोजणीदाराच्या साखळीला अडविता येते, कागदाला अडविता येत नाही. १८५९ साली मुदतीचा कायदा झाला. हेतू असा, की जुनी कर्जे सावकाराने वर्षानुवर्षे उकरून काढू नयेत. सावकाराने त्यावर काय तोड काढली? दर तीन वर्षांनी नवा रोखा, व्याज मुद्दलात मिळवून. शेतकऱ्याने अंगठा उठविला, आणि शंभराचे दोनशे, दोनशेचे चारशे झाले. फिर्याद लागली तर हा बिचारा कोर्टात जातच नसे. एकतर्फी हुकूमनामा होऊन शेत जाई. कायदा गरिबाच्या रक्षणासाठी होता, पण वाचता येणाऱ्याने तो न वाचणाऱ्याविरुद्ध फिरविला.

डोंगरपट्ट्यातील आमच्या भिल्ल बांधवांची दशा याहून वाईट. दोन मण दाण्यांसाठी बाप सालदार राही. देणे फिटत नसे, म्हणून मुलगाही त्याच दाराशी राबे. आखाजीला साल संपे आणि त्याच दिवशी नवे साल सुरू होई. तेव्हा केवळ शेटजी-भटजींना शिव्या देऊन आपण मोकळे होऊ नये. ज्यांच्या दाराशी हे सालदार राबले, त्यांत आपल्यापैकीच काही पाटील आणि बागाईतदारही होते.

कारागिरांचे हाल निराळ्या रस्त्याने झाले. धरणगावचे विणकर, फैजपूरचे रंगारी, यावल आणि एरंडोलचे कागदी यांच्या हातांना नाव होते. आमचाच कापूस स्वस्तात विलायतेला गेला आणि तेथून कापड होऊन परत आला. तो चोपडा-पारोळ्याच्या बाजारात मागावरच्या लुगड्यापेक्षा स्वस्त विकू लागला. १८७० नंतरच्या दहा वर्षांत जळगावला सूत-कापडाची गिरणी निघाली. तिने काही हातांना काम दिले, पण माग सोडलेल्या सगळ्यांना नाही. रंगाऱ्याचा पोर मजूर झाला, विणकराचा पोर मुंबईच्या गिरणीत गेला. तेथे त्याला आठवड्याची सुट्टीही नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणीकामगारांची सभा काढून सतत झगडा केला, तेव्हा १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. आज रविवारी जो कोणी घरी निवांत बसतो, त्याने या सत्यशोधकाचे नाव एकदा तरी घ्यावे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि दंगे पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. त्यांना मुख्यतः हवे होते ते रोखे, खाते, हुकूमनामे. कागद मिळाला की जाळला. माणसे मारण्याकडे त्यांचा कल नव्हता. आपला वैरी कोण हे त्या निरक्षर लोकांनी अचूक ओळखले होते: न वाचता अंगठा दिलेला कागद. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. कर्जापायी शेतकऱ्याला कैद करणे बंद झाले, कोर्टाला हिशोब तपासण्याचा अधिकार आला. पण तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चारच जिल्ह्यांना लागू होता. ज्यांनी दंगा केला त्यांना कायदा मिळाला. खानदेश गप्प राहिला, त्याला लगेच काही मिळाले नाही. दंगे करा असा याचा अर्थ नव्हे. पण ज्याची हाक ऐकू येत नाही त्याची दखल घेतली जात नाही, एवढा अर्थ नक्कीच आहे.

आता एक तारीख ध्यानात ठेवा: १ जानेवारी १८७७. त्या दिवशी दिल्लीला लॉर्ड लिटनने दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला कैसरे-हिंद म्हणून जाहीर केले. राजेरजवाडे, हत्ती, तोफा, मेजवान्या! हा किताब तिला देणारा मुख्य प्रधान कोण? तोच डिझरायली, ज्याने तरुणपणी दोन राष्ट्रांची कादंबरी लिहिली होती. आणि त्याच घटकेला दख्खन आणि मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ चालू होता. त्या दुष्काळात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असा अंदाज आहे. कामावर येणाऱ्यांची मजुरी कापून टाकण्याचा हुकूम त्याच महिन्यात निघाला. दिवसभर खडी फोडणाऱ्याला रत्तलभर धान्य आणि वर एखादा आणा पुरेल असे हिशोब झाले. गरिबांवर कादंबरी लिहिली म्हणजे गरिबांचा कैवारी झाला असे नव्हे, हे डिझरायलीवरून शिकावे.

त्याच १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधू' हे पत्र सुरू केले. तिकडे दिल्लीला तोफा, इकडे पुण्यात एक लहानसे छापखान्याचे यंत्र. त्या वर्षी सत्यशोधक मंडळींनी दुष्काळात उघड्या पडलेल्या लेकरांसाठी पुण्याजवळ धनकवडीला अन्नछत्रासह आश्रम काढला, त्याला नाव दिले 'व्हिक्टोरिया बालाश्रम'. राणीच्या नावाने गरिबांची पोरे जेवली ती अशी, शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी जमविलेल्या दाण्यांवर. सावित्रीबाई जुन्नरकडच्या गावांतून दुष्काळाची हकिकत जोतीरावांना पत्रांतून कळवीत होत्या. याच दुष्काळावर भालेकरांनी पुढे १८८८ साली 'बळीबा पाटील' ही कादंबरी लिहिली. खेड्यातला पाटील आणि दुष्काळातली रयत हा मराठी कादंबरीचा विषय होऊ शकतो, हे दाखविणारे ते पहिल्यांपैकी पुस्तक.

आता मराठी पुस्तकांचे एकंदर काय चालले होते ते पाहा. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडत होत्या आणि खानदेशात कापूस चढत होता त्या १८६१ साली मराठीत 'मुक्तामाला' निघाली, १८६८ साली 'मंजुघोषा'. दोन्हींत राजे, राजकन्या आणि अद्भुत प्रसंग. वाचणारे जे होते त्यांना शेतकऱ्याची भाकर पाहण्याची गरज नव्हती, आणि ज्याची भाकर होती त्याला वाचता येत नव्हते. अपवाद होतेच. बाबा पदमनजींनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहून विधवांची दशा मांडली. हरिभाऊ आपट्यांनी 'काळ तर मोठा कठीण आला' ही गोष्ट दुष्काळावरच लिहिली. दादाभाई नौरोजींनी १९०१ साली हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा इंग्रजीत जाडजूड ग्रंथ छापला आणि देशाचे धन कसे वाहून जाते ते आकडे मांडून दाखविले. चांगले लिहिणारा कोणत्या जातीचा हे मी पाहत नाही. पण एक गोष्ट खरी: दादाभाईंनी देशातून बाहेर जाणारा पैसा मोजला, गावातल्या गावात कुणब्याच्या खळ्यातून पेढीकडे जाणारा पैसा मोजला तो जोतीरावांनी.

ते पुस्तक म्हणजे 'शेतकऱ्याचा असूड', १८८३ साली पुरे झालेले. त्यात सरकारी कामगारांची लाचखोरी आहे, कोर्टातली फरफट आहे, शेतकऱ्याचे घर, त्याची भांडी, त्याच्या ताटातला घास यांचे वर्णन आहे. नुसते रडगाणे नाही, उपायही आहेत: पाणी अडवून जिरवावे, जनावरांची निपज सुधारावी, शेतकऱ्याच्या मुलांना शेतकीचे शिक्षण द्यावे. जोतीरावांनी ते लिहून लोकांना वाचून दाखविले, कारण ज्यांच्यासाठी लिहिले त्यांना वाचता येत नव्हते. आणि पुढचे सांगताना मला संकोच होतो, पण सत्यशोधकाने संकोच धरू नये. पहिले दोन भाग 'दीनबंधू'त छापून आल्यावर पुढचे भाग छापले गेले नाहीत. त्या वेळी पत्र लोखंड्यांसारख्या सच्च्या माणसाच्या हाती होते, तरीही! मजकूर जहाल वाटला. जोतीरावांच्या हयातीत ते पुस्तक पुरते छापून निघाले नाही. विलायतेत डिकन्सचे हप्ते हजारो घरांत जात होते. आमचा असूड आमच्याच पत्राच्या दारात अडला. गरिबाचे खरे गाऱ्हाणे छापायला परक्यापेक्षा आपल्यांचीच भीती कधी जास्त आड येते, हे आजच्या पत्रकर्त्यांनीही लक्षात ठेवावे.

१८८८ साली राणीचा मुलगा, ड्यूक ऑफ कॅनॉट, याच्या सन्मानार्थ पुण्यात समारंभ झाला. जडजवाहीर घातलेल्या बड्या मंडळींत जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात जाऊन उभे राहिले आणि त्यांनी राजपुत्राला सांगितले, की येथे जमलेल्या या लोकांवरून हिंदुस्थानची परीक्षा करू नका. खरी प्रजा खेड्यांत आहे, तिची हकिकत आपल्या आईसाहेबांना कळवा. राजपुत्राने काय कळविले ते असो. पण त्या दिवशी त्या दिवाणखान्यात दोन राष्ट्रे समोरासमोर उभी होती.

भगिनींनो, तुमचे नाव मी शेवटी घेतले म्हणून रागावू नका. मुद्दाम राखून ठेवले होते. डिकन्सने गिरणगावावर कादंबरी लिहिली १८५४ साली. पुढच्याच वर्षी, १८५५ साली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे नावाच्या चौदा वर्षांच्या मांगाच्या मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. कोणी दयाळू लेखकाने तिची कीव करून लिहिलेले नाही. तिने स्वतः लिहिले. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांना खडे बोल सुनावले. दारिद्र्याच्या वाङ्मयात विलायतेने आम्हाला मागे टाकले असे म्हणताना ही दोन नावे मला थांबवितात. एका मुलीला तीन वर्षे शाळा मिळाली आणि तिने एवढे केले. बाकीच्या लाखो मुलींना ती मिळाली असती तर?

म्हणूनच जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनपुढे निवेदन दिले. रयतेच्या घामातून सारा येतो आणि वरच्यांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे न्यायाचे नाही. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी त्यांनी केली. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानभर आणि शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात ती अमलात आणली. साऱ्या देशात मुलांचा हा हक्क कायद्याने लागू झाला तो १ एप्रिल २०१० पासून. मागणीपासून एकशे अठ्ठावीस वर्षे! आणि आता शाळा दारात आहे, तर वेचणीच्या दिवसांत माझा वर्ग अर्धा रिकामा असतो.

आज राणी नाही. सावकारीवर कायदे झाले, सोसायट्या आल्या, बाजार समित्या आल्या. पण जळगावच्या कापसाचा भाव अजून सातासमुद्रापलीकडच्या बाजाराकडे बघून हलतो. दाराशी येणारा व्यापारी ओलाव्याच्या नावाने कट्टी धरतो. कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येते. मागे माझ्या शाळेतल्या पाचवीच्या एका मुलीने बापाच्या खिशातली काट्याची पट्टी मोठ्याने वाचली. कट्टी दोनदा लावली होती. बाप म्हणाला, "जाऊ दे, व्यापारी चांगला माणूस आहे." पोरगी म्हणाली, "चांगला असेल तर दुरुस्त करील." दुसऱ्या दिवशी बाप पट्टी घेऊन गेला आणि पैसे घेऊन आला. रक्कम लहान होती. पण तिच्या पणज्याच्या सुप्याच्या भाऊबंदांना जे साधायला कागद जाळावे लागले, ते तिने कागद वाचून साधले.

बंधूंनो, दारिद्र्य हे कपाळी लिहिलेले नसते, ते वहीत लिहिलेले असते. कपाळ वाचता येत नाही, वही वाचता येते. राणीच्या काळात दौलत एका बाजूला का साठली? कापूस पिकविणारा एक, भाव ठरविणारा दुसरा आणि हिशोब लिहिणारा तिसरा होता. आज निदान हिशोब तरी आपल्या हाती घेऊ. मला मागायचे ते थोडे आहे. वाचल्याशिवाय कोणत्याही कागदावर अंगठा किंवा सही देऊ नका. घरातल्या पोराकडून वाचून घ्या, त्यात कमीपणा नाही. लग्नकार्यात उसनी चांदी मिरवू नका; चांदीच्या फाळाने जमीन नांगरली जात नाही. आपल्या दाराशी सालदार असेल तर त्याचा हिशोब त्याला वाचून दाखवा. जो न्याय सावकाराकडे मागतो तो आधी स्वतः द्यावा. वेचणीसाठी पोरीला शाळेतून काढू नका. आणि आपल्या घराची हकिकत लिहून या पत्राकडे धाडा, मोडक्या भाषेत का होईना. संपादकांनी ती जहाल म्हणून बाजूला ठेवू नये, अशी माझी त्यांनाही विनंती आहे.

घरी गेल्यावर तो राणीछाप रुपया एकदा बाहेर काढा आणि पोरांना दाखवा. एका बाजूला राणीचा मुखवटा आहे, दुसऱ्या बाजूला किंमत आणि साल. मुखवट्याला नमस्कार करू नका. साल वाचायला सांगा, आणि त्या साली आपल्या गावात कोण काय खात होते ते सांगा. माहीत नसेल तर म्हाताऱ्यांना विचारा. तेथून खरा इतिहास सुरू होतो.